जुना डान्स शो पुन्हा बघायचाय? मग माझं ऐका

परवाच्या रविवारी मला अवदसा आठवली आणि मी 'डान्स इंडिया डान्स'चा पहिला सीझन नेटवर पुन्हा बघायला बसले. २००९ चा. तोच, मिथुनदा ग्रँडमास्टर, परीक्षक गीता, टेरेन्स आणि रेमो मास्टर, आणि ऑडिशनला सिलेक्ट झालं की डोक्यावर 'तकदीर की टोपी'. माझी लेक आठ वर्षांची आहे, डान्स क्लासला जाते आणि तिच्या मते डान्स म्हणजे तीस सेकंदांत संपणारी वस्तू. म्हटलं कळू दे तिला, आई काय बघून मोठी झाली ते. चार तास बसलो. त्यात नाच किती बघितला म्हणाल तर खेचून-ताणून अकरा मिनिटं. तर या तपश्चर्येतून मिळालेलं ज्ञान फुकट वाटतेय, घ्या.

सगळ्यात आधी, एकट्याने बघू नका. घरात सगळं पाठ असलेला एक तरी माणूस शेजारी बसवाच. आमच्याकडे धाकटे दीर आहेत. पोह्यांची प्लेट घेऊन येऊन बसले, स्क्रीनवर अजून टायटल चाललंय, आणि "वहिनी, यात तो सलमान जिंकतो ना? सलमान युसूफ खान, बंगलोरचा?" लेकीने रिमोट खाली ठेवला आणि म्हणाली, मग बघायचं कशाला. इतक्या वर्षांत मी निकाल विसरले होते, म्हणजे विसरल्याचं नाटक तरी मनापासून करत होते. ते नाटकही गेलं. वर भाऊजी, "सॉरी हं, पण लिंबू आहे का?"

थंबनेल बघू नका. डोळे मिटून क्लिक करा, नाहीतर पहिल्याच फोटोत ट्रॉफी.

एपिसोड क्रमाने शोधायचा हट्ट सोडा. आधी ऑडिशन, मग थेट फिनाले, मग परत मेगा ऑडिशन, आणि ज्याच्यावर 'फुल एपिसोड एचडी' लिहिलंय तो चार मिनिटांचा. असंच बघायचं असतं. जानेवारीत सुरू झालेला शो मे महिन्यात संपतो हे आपल्या भाबड्या पिढीचं खूळ.

सासूबाईंना बोलवा. त्या दहा मिनिटं बघून विचारतील, "महागुरू कुठायत?" त्यांना सांगा की सचिन पिळगांवकर 'एकापेक्षा एक'मध्ये होते, हे मिथुन. त्या म्हणतील, "मग तेच लाव की." (यात सासूबाईंचं काही चुकलं असं मला आता वाटत नाही.)

आता महत्त्वाचा सल्ला, आवाजाचा. डान्सच्या व्हिडिओत गाणं ऐकू यावं अशी अपेक्षाच ठेवू नका. झालं असं, की एका जोडीचा साल्सा लागला. मी लेकीला कोपर मारून सांगितलं, आता बघ हं. दोघं पोझ घेऊन उभी, लाईट लाल झाला, आणि गाणं सुरू व्हायच्या ठिकाणी एकदम सामसूम. म्हणजे टीव्ही बंद पडला की काय म्हणून मी उठून सेट टॉप बॉक्सवर दोन चापट्या मारल्या, वायफाय आहे हे विसरून. तर नाही, गाणं कापलंय. पुढच्या क्लिपमध्ये कापलं नव्हतं, तिथे ऑफिसच्या ट्रेनिंग व्हिडिओत वाजते तसली टुणटुण गिटार वरून चिकटवली होती. आता साल्साची गंमत अशी की वन टू थ्री, मग एक ठोका रिकामा, मग फाईव्ह सिक्स सेव्हन, परत एक रिकामा. त्या रिकाम्या ठोक्यावरच सगळी नजाकत असते. गाणं असलं की तो थांबा दिसतो. गिटारच्या टुणटुणीवर काय दिसतं? पोरगा स्टेप विसरलाय असं दिसतं! माझी लेक म्हणाली पण, "आई, हा चुकला का?" चुकला? त्याने आठवडाभर रगडून बसवलेला नाच तो, आणि आठ वर्षांची पोर विचारतेय चुकला का!

बरं, टीव्हीवर गाणं वाजवायची परवानगी वेगळी आणि नेटवर ठेवायची वेगळी, हे मला कळतं. सिनेमातलं गाणं दिसलं की मशीन ते पकडतं आणि व्हिडिओ उडतो, तेही कळतं. म्हणून मग लोक काय हुशारी करतात, तर व्हिडिओ आरशातल्यासारखा उलटा करतात. स्टेजवरची अक्षरं उलटी, सॅल्यूट डाव्या हाताने, आणि साल्सात मुलाने डाव्या हातात मुलीचा उजवा हात धरायचा असतो तर इथे बरोबर उलटं. क्लासला जाणारी पोर बघून तसंच शिकणार ना! दुसरी हुशारी म्हणजे स्पीड वाढवायचा. त्यात तर सगळे मुंग्या चावल्यासारखे नाचतात आणि कन्टेम्पररीवाला म्हणजे, अरे, तो कन्टेम्पररी आहे, त्यात श्वास घ्यायचा असतो, तो जमिनीवरून हळूहळू उठणार तेवढ्यात हा उठून बसून परत पडलेला! आमच्या घरात कन्टेम्पररी हा शब्दच त्या सीझनने आणला. त्याआधी बाबांच्या लेखी नाच दोनच, क्लासिकल आणि धांगडधिंगा.

आणि मेख पुढेच आहे. गाणं कापलं ना? मग परीक्षकांचं बोलणं ऐका. शब्द न् शब्द शाबूत. 'क्या बात, क्या बात, क्या बात' खणखणीत. आईचं रडणं खणखणीत, स्पर्धकाचं रडणं, सूत्रसंचालकाचा भरून आलेला गळा, वरून ते व्हायोलिन, सगळं आहे! म्हणजे दोन मिनिटं मुका नाच आणि सहा मिनिटं आवाजासकट रडारड.

वोटिंगची आठवण काढू नका. मी बाबांच्या प्रीपेडवरून एसएमएस करकरून सिद्धेश पैला वोट करत सुटले होते, आईला त्याचं आडनाव ऐकून तो नात्यातलाच वाटायचा म्हणून तिचीही फूस. सोमवारी बाबांनी ऑफिसला उशीर होतोय सांगायला स्टेशनवरून फोन लावला तर बॅलन्स शून्य. सिद्धेश शेवटच्या चौघांत पोचला त्यात आमच्या बाबांचं रिचार्ज आहे.

'आमच्या वेळी' हा शब्द वापरू नका. वापरलात की घरातला कुणीतरी म्हणतो, खरी मजा 'बूगी वूगी'ची, १९९६, जावेद, नावेद आणि रवी बहल, ना एसएमएस ना रडारड. आणि तो बरोबर असतो, हे जास्त लागतं.

कितवा सल्ला चाललाय? जाऊ दे. सल्लेबिल्ले गेले खड्ड्यात.

अरे, क्लिपा कापून चढवणाऱ्यांनो, तुम्ही नाचाच्या कार्यक्रमातून नाच काढून टाकलाय, एवढं तरी डोक्यात शिरतंय का? त्या पोरांचे गुडघे सोलले होते त्या दोन मिनिटांसाठी, आणि तुम्ही ठेवलं काय तर रुमाल. गाणं ठेवता येत नसेल तर नका चढवू, पण ती टुणटुण लावून त्यांना चुकलेलं दाखवू नका. आणि ज्यांच्याकडे मूळ टेपा पडल्यात त्यांनी गाण्यांचे पैसे कुणाला द्यायचे ते द्या ना एकदाचे, आणि पहिल्या भागापासून शेवटपर्यंत ओळीने लावा. जाहिराती घाला हव्या तेवढ्या, बघू आम्ही, पण नाचातली लिफ्ट, म्हणजे जोडीदाराला वर उचलणं, चालू असताना नका घालू.

आणि आपण तरी काय? 'बघून डोळ्यात पाणी आलं' लिहून रडायच्या क्लिपा फॅमिली ग्रुपवर ढकलणारे आपणच. मागच्याच महिन्यात मीपण एक ढकलली होती. त्यात कोण नाचत होतं विचारलंत तर मला सांगता येणार नाही, आई निळ्या साडीत होती एवढं आठवतंय. लाज वाटायला हवी.

भाऊजी, तुम्ही हे वाचताय, मला माहितीये. पुढच्या रविवारी दुसरा सीझन लावतेय. शक्ती मोहन जिंकते, मलापण ठाऊक आहे. लेकीला नाहीये. तोंडातून अक्षर काढलंत तर पोहे बाहेर जाऊन खायचे.