पेटीवर ठेवलेली वही

आज 18 ऑगस्ट, गायक आणि संगीतशिक्षक पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांची जयंती. सकाळपासून फोनवर त्यांची हार घातलेली छायाचित्रे येत होती आणि त्यातच एका जवळच्या मैत्रिणीचा फोन आला. लेकीला दहावीला कलेचे वाढीव गुण मिळावेत म्हणून गाण्याच्या परीक्षा भराभर उरकून देणारा एखादा क्लास ठाऊक आहे का, असे तिने विचारले. ‘गाता नाही आले तरी चालेल गं, प्रमाणपत्र हातात पडले म्हणजे झाले.’ तेव्हा मी काही बोलले नाही. ते सारे आता इथे लिहिते आहे.

माझ्या गाण्याच्या बाई पंडितजींच्या एका लहानशा छायाचित्राखाली शिकवायला बसत. प्रवेशिकेच्या, म्हणजे गाण्यातल्या सुरुवातीच्या परीक्षेला पंधरा दिवस उरले असताना मी भूप रागाच्या दहा ताना वहीत उतरवून घडाघडा पाठ केल्या होत्या. बाईंनी त्यांतल्या दोन ऐकल्या, वही मिटून पेटीवर ठेवली, तंबोरा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, ‘नुसता सा लाव.’ पंधरा दिवस तेच. मला रडू फुटले, घरचे चिडले, आणि परीक्षेत जेमतेम दुसरी श्रेणी मिळाली.

बाईंनी हे धाडस कुणाच्या जोरावर केले, ते मला फार उशिरा कळले. 1872 साली कुरुंदवाडला जन्मलेला, दत्तजयंतीच्या दारूकामात लहानपणीच दृष्टी अधू झालेला एक मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ग्वाल्हेर घराण्याची गायकी शिकतो. एवढी तालीम गळ्यात असताना एखाद्या दरबारी सुखाने बसून खाता आले असते. पण गवयाला बिदागी मिळते, मान मिळत नाही, हे ज्याला सलते तो बसून कसा खाणार? 1896 मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि 5 मे 1901 रोजी थेट लाहोरला, लोकांच्या देणग्यांच्या बळावर, गांधर्व महाविद्यालय उघडले. सुरुवातीचे काही दिवस तिकडे कुणी फिरकलेच नाही आणि ते रिकाम्या वर्गात एकटेच तंबोरा घेऊन बसत, असे सांगतात. हे आठवले की दरवेळी मला पेटीवरची माझी मिटलेली वही दिसते.

पुढे 1908 मध्ये मुंबईत विद्यालय निघाले, इमारत उभी राहिली, तिच्यापायी कर्ज झाले आणि अखेर ती लिलावात गेली. विद्यार्थ्यांना पदरी ठेवून शिकवणारा हा माणूस हिशेबात कच्चा होता, असे कुणी म्हणेल तर म्हणो. ओंकारनाथ ठाकूर, विनायकबुवा पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर ही नावे ज्याच्या जमेच्या बाजूला आहेत, त्याचा हिशेब आपण काय तपासायचा? आणि आपण त्याच्या जयंतीला हार घालून विचारतो काय, तर गाता न येता उत्तीर्ण होण्याची सोय कुठे आहे!

अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदव्या गाण्यात रुजवण्यात पंडितजींचाच वाटा मोठा होता, हे कबूल करावे लागते. गुरूच्या मर्जीवर आणि घराण्याच्या कुलुपावर अवलंबून असलेली विद्या कुणालाही मागता यावी, म्हणून त्यांना ते हवे होते. 21 ऑगस्ट 1931 रोजी ते गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी गाण्याच्या परीक्षा घेणारे गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले, त्यामुळेच तर बाईंसारख्या साध्या घरातल्या बाईला विशारद ही गाण्यातली पदवी मिळवता आली आणि माझ्यासारखीला तिच्यापुढे बसता आले. पण बाईंनी परीक्षा तोंडावर आलेली असताना वही मिटली, ही गोष्ट कुठल्याच अभ्यासक्रमात लिहिलेली नव्हती.

इथवर लिहिल्यावर राग थोडा उतरला आहे. मैत्रिणीचेही काय चुकले? गुण समोर दिसत असताना कुठल्या आईला मोह होणार नाही? माझ्याही आईने बाईंना तेव्हा दोन शब्द सुनावले होतेच, आणि बाईंनी ते तंबोरा जुळवता जुळवता ऐकून घेतले होते.

त्या दहा तानांपैकी एकही मला आज येत नाही. बाई जाऊनही बरीच वर्षे झाली. पण परवा एका मैफिलीत तंबोऱ्याची जोडीची तार किंचित उतरली, तेव्हा माझी मान आपोआप वर झाली. समोर गाणाऱ्यानेही त्याच क्षणी मागे वळून पाहिले.

मैत्रिणीला उद्या फोन करते. क्लास मला ठाऊक नाही. लेकीला रविवारी माझ्याकडे पाठव, मी तंबोरा लावून ठेवते. वही आणली असेल तर पेटीवर ठेवू.