मतदार नोंदणीचा अर्ज: नमुना ६ की नमुना ८?
‘मराठवाड्यातले तरुण मतदानाबाबत उदासीन आहेत’ हे लेखातलं वाक्य अजिबात पटलं नाही. उदगीर-परळीकडची पोरं शिकायला संभाजीनगर, पुण्यात असतात आणि नाव गावच्या मतदार यादीत! वसतिगृहात राहणाऱ्याला कॉलेजच्या बोनाफाईड दाखल्यावर तिथेच नाव लावता येतं, हे कॉलेजांनी प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवं. घोळ इथंच होतो. गावात नाव असलेला मुलगाही नमुना ६ भरून मोकळा होतो. तो अर्ज फक्त पहिल्या नोंदणीचा. त्यात आधी कुठे नाव नाही असं लिहून द्यावं लागतं. नाव हलवायचं तर नमुना ८.

सतरा पूर्ण झालेल्यांचा आगाऊ अर्ज चालतो. जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर यांपैकी ज्या १ तारखेला अठरा भरतात, त्यानुसार नाव चढतं. निवडणूक जाहीर होण्याची वाट बघू नका रे पोरांनो, तोवर फार उशीर होतो.