असिस्टंटशिपच्या भरवशावर: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

माझा लेख वाचून आपल्या भाच्याने असिस्टंटशिपच्या (म्हणजे विद्यापीठात शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाबदल्यात मिळणाऱ्या शुल्कमाफी आणि मानधनाच्या) आशेवर अमेरिकेत एमएसला प्रवेश घेतला, ती मिळाली नाही आणि आता कर्ज वाढते आहे, असे आपण लिहिले आहे. शिवाय आठवड्याला २० तास राबवून घेणे ही विद्यापीठांनी शोधलेली स्वस्त मजुरी आहे, असाही आपला आक्षेप आहे.

पहिल्या मुद्द्यावर चूक माझी आहे. पीएचडीच्या प्रवेशाबरोबर बहुधा आर्थिक साहाय्याची लेखी हमी येते, एमएसच्या प्रवेशाबरोबर ती क्वचितच येते, आणि हा फरक मी एका वाक्यात उरकला होता. विभागाचे पत्र हाती नसताना ही रक्कम हिशेबात धरणे म्हणजे बाजारात तुरी.

मजुरीच्या आरोपाशी मात्र मी निम्माच सहमत आहे. सत्र चालू असताना आवारातील काम २० तासांपुरते मर्यादित ठेवण्याची अट परदेशी विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाचीच आहे, आणि या व्यवहारात खरा लाभ दरमहा हाती येणाऱ्या मानधनापेक्षा शिक्षणशुल्काच्या माफीचा असतो. शिकवणाऱ्या किंवा संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याला त्या माफीवर प्राप्तिकर लागत नाही. २०१७ मध्ये अमेरिकी संसदेतील प्रतिनिधिगृहाच्या विधेयकात तो लावण्याचा प्रस्ताव होता, पण देशभरच्या विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि अंतिम कायद्यात तो आला नाही. तरीही मी स्वतः असा सहायक असताना माझ्या पहिल्या बिलावर शिक्षणशुल्कासमोर शून्य होते आणि त्याखाली आरोग्य, तंत्रज्ञान, आंतरराष्ट्रीय विद्यार्थी अशा शुल्कांची रांग होती. ती भरायची ऑगस्टमध्ये आणि पहिले मानधन आले सप्टेंबरअखेर. कॅल्क्युलसच्या साठ उत्तरपत्रिका रविवारी रात्री तपासताना २० तास कागदावरच राहत, हेही कबूल करतो. आपला शब्द कडक असला तरी तिथले विद्यार्थी वेगळे बोलत नाहीत: २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यांत अशा सहायकांचा मोठा भरणा होता, आणि त्यांनी वेतनवाढ पदरात पाडून घेतली.

आपल्या भाच्याने आता स्वतःच्याच विभागाच्या दारात थांबू नये. गणित, संख्याशास्त्र, रसायनशास्त्र या विभागांत पदवीच्या पहिल्या वर्षाचे वर्ग मोठे असतात आणि सत्राच्या तोंडावर तिथे एखादी जागा रिकामी होऊ शकते. जागा मिळालीच, तर माफी पूर्ण शुल्काची की काही भागाची आणि पत्र एका सत्राचे की वर्षाचे, हे सही करण्यापूर्वी विचारावे. तोवर ग्रंथालयात किंवा भोजनगृहात तासावारी काम जरूर करावे. त्यातून जेवणखाण भागते, फी भागत नाही.