खुलासा: ‘सॅमन अंडी घालून मरतोच, मग सोडायचा कशाला?’

स्कॉटलंडच्या नद्यांत गळाला लागलेला सॅमन मासा परत पाण्यात सोडण्याबाबत फिरणारा हा दावा चुकीचा आहे. हमखास मरतात ते पॅसिफिकचे सॉकाय, चिनूक वगैरे सॅमन. स्कॉटलंडमधला अटलांटिक सॅमन वेगळा. बरेच मरतात, पण थोडे समुद्र गाठून पुन्हा येतात. मुळात मासा सोडायचा तो अंडी घालता यावीत म्हणूनच. शिवाय तिथे १ एप्रिलपूर्वी सगळीकडे आणि तिसऱ्या श्रेणीच्या (सॅमनची स्थिती सर्वांत कमकुवत असलेल्या) नद्यांत हंगामभर सोडणं कायद्यानेच सक्तीचं आहे. बीटचं (मासेमारीसाठी भाड्याने मिळणाऱ्या नदीच्या पट्ट्याचं) भाडं भरलं म्हणून सूट नाही.

सोडलेला मासा चुकीच्या हाताळणीने दगावू शकतो. गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपा, जाळं बिनगाठीचं घ्या, हात ओले करा. माशाचं तोंड प्रवाहाच्या उलट दिशेला करून पाण्यातच धरा, स्वतःहून निसटेपर्यंत. फोटोसाठी उचलणं नकोच. पाणी २० अंशांवर गेलं, तर गळही टाकू नका.