सातबारा वाचता येत नाही, म्हणे नोंदीच नाहीत

2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून महाराष्ट्रातून एकच पालुपद ऐकू येतं: ‘आपल्या लोकांनी काही जपलंच नाही. इंग्रजांकडे बघा, चारशे वर्षांपूर्वीचं मृत्युपत्र घरबसल्या मिळतं.’ इंग्लंडात बसून हे ऐकलं की चिडायला होतं.

मिळतं, पण कुणाचं? 12 जानेवारी 1858 नंतरची मृत्युपत्रं प्रोबेट कॅलेंडरमध्ये, म्हणजे न्यायालयाने मंजूर केलेल्या मृत्युपत्रांच्या वर्षवार सूचीत, सापडतात. तिथेही नावं मृत्यूच्या वर्षाखाली नसतात, प्रोबेट मंजूर झालं त्या वर्षाखाली असतात. माणूस 1881 मध्ये गेला म्हणून तेवढंच वर्ष चाळणारा कधीकधी रिकाम्या हाताने परततो, पुढची पाच-सात वर्षंही उलटावी लागतात. त्याआधीचा कारभार चर्चच्या न्यायालयांचा. कॅंटरबरीच्या चर्च न्यायालयाची मृत्युपत्रं लंडनमध्ये क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, पण त्यांत भरणा पैसेवाल्यांचा. डेव्हनची एक्झिटरवरच्या 1942 च्या बॉम्बहल्ल्यात जळाली, आयर्लंडची बहुतेक 1922 मध्ये डब्लिनच्या आगीत. 1883 पूर्वी नवऱ्याच्या संमतीवाचून बायकोला मृत्युपत्रच करता येत नसे. थोरल्या मुलाला जमीन आधीच मिळालेली असली, तर मृत्युपत्रात त्याचं नावही नसतं आणि वंशावळीत तो गायब होतो. शेतमजुराचं तर बहुधा काहीच नाही. त्यात डिसेंबर 2023 मध्ये इथल्या सरकारनेच कागदी मृत्युपत्रं 25 वर्षांनी नष्ट करून फक्त स्कॅन ठेवण्याचा प्रस्ताव मांडला होता. जपणूक म्हणे!

आपल्याकडे गुंठाभर जमीन असलेला माणूसही मेल्यावर वारस नोंदीत येतो. आजच्या सातबाऱ्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्यायचे आणि गाव नमुना 6 मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, एकेक मागे जायचं, सोबत 6-क, म्हणजे वारस नोंदवही. ‘अमुक मयत, वारस मुलगे दोन, विधवा एक’ एवढ्या ओळीत दोन पिढ्या हाती लागतात, कधी वयासकट.

धागा हमखास तुटतो तो एकत्रीकरणापाशी, म्हणजे जमिनीचे तुकडे जोडून नवे गट पाडले तिथे. गट नंबर नवा, सर्व्हे नंबर जुना. दोन्हींचा मेळ घालणारा नऊ-तीन, नऊ-चारचा उतारा न काढता लोक म्हणतात, ‘पुढे काही नाही.’ दुसरी फसगत ‘ए.कु.मॅ.’ची. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून थोरल्याचं नाव लागतं, धाकटे भाऊ कागदावरून अदृश्य होतात. बहिणी ‘इतर हक्क’च्या रकान्यात, असल्या तर. उलट ‘अ.पा.क.’ दिसलं की थांबावं. अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून तिथे अनेकदा आईचं नाव असतं, आणि जुन्या दप्तरात बाईचं नाव सापडणं सोपं नाही.

विसाव्या शतकाच्या आधी मात्र मुख्यतः इनामदार-वतनदारांनाच पाय ठेवायला जागा. इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशनपुढे घराण्यांनी दिलेल्या कैफियती आणि वंशावळी पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, मोडीत. मोडी आली तरी तारीख अडवते. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे जुन्या कागदांतल्या सुहूर सनाचं 1161. हे वर्ष मृगाला सुरू होतं, म्हणून इसवी सन काढायला जून ते डिसेंबरसाठी 599 आणि पुढच्या महिन्यांसाठी 600 मिळवायचे. जानेवारी असेल तर 1761, पानिपत. सरसकट 600 मिळवणारा पणजोबांच्या पणजोबांना वर्षभर उशिरा मारतो.

ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, त्यांच्यापुढे माझा हा सगळा तोरा लंगडा पडतो, हे कबूल. त्यांच्यासाठी कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा गाव नमुना 14. तिथे बिनजमिनीचाही सापडतो, मात्र जातीसकट. तेवढ्यासाठीच आज दप्तरं उघडली जाताहेत, आणि आम्ही लांबून ‘शास्त्रशुद्ध शोधा’ म्हणून उपदेश करतोय.

उपदेश करणाऱ्यांची गत वेगळीच. परदेशी नागरिक झालेल्यालाही वडिलोपार्जित शेतजमीन वारसाने मिळू शकते, विकत घेता येत नाही. मिळालेलीचंही बहुतेक जण काय करतात? हायकमिशनचा शिक्का मारलेलं मुखत्यारपत्र टपालाने जातं, तिकडे भावाच्या नावे हक्कसोडपत्र नोंदवलं जातं, फेरफार पडतो. सातबाऱ्यावर मग काही उरत नाही. उरते ती गाव नमुना 6 मधली एक ओळ, पुढेमागे कुणी खणत आलाच तर त्याला सापडणारी: ‘हक्क सोडल्याने नाव कमी केले.’