‘इतर’च्या पट्टीत गाडलेला आमचा उमेदवार

‘मत वाया घालवू नका’ हे वाक्य ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वाया म्हणजे काय? मला जो माणूस हवा त्याला दिलेलं मत वाया, आणि टीव्हीवाल्यांनी ज्याला आधीच जिंकवलाय त्याला दिलेलं सत्कारणी?

२०२४च्या विधानसभेआधी घरात टीव्ही बंद म्हणून नव्हता. एक सर्व्हे संपला की दुसरा. युती इतक्या ते इतक्या, आघाडी इतक्या ते इतक्या, आणि तळाला बारीक पट्टी: ‘इतर’. चारीचं पाणी शेवटच्या शेतापर्यंत यावं म्हणून पाटबंधारे कार्यालयाच्या पायरीवर तीन दिवस बसलेला आमच्या तालुक्यातला अपक्ष त्या पट्टीत. माझ्या वडिलांना, अण्णांना, तोच हवा होता. मतदानाच्या सकाळी इस्त्रीचा सदरा घालून गेले, परत आले, चहाची बशी उचलली. बोटावरची शाई अजून ओली होती. म्हणाले, “दुसऱ्यालाच दिलं रे. पडणाऱ्याला देऊन काय उपयोग? टीव्हीवर त्याचं नावसुद्धा नाही.”

अहो, नाव येणार कुठून? अख्ख्या राज्यात दहा हजार माणसांना विचारलं तरी २८८ने भागून बघा, एका मतदारसंघाच्या वाट्याला पस्तीस माणसंही येत नाहीत. आमच्या गावात तर कुणी फिरकलंसुद्धा नाही. आणि त्या आकड्यांवर माझ्या बापाने आपलं मत बदललं!

आकडे तरी खरे ठरतात का? त्याच वर्षी लोकसभेला बहुतेक पोल एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेत होते, आल्या २९३. हरियाणात एक्झिट पोलनी, म्हणजे मत देऊन बाहेर पडलेल्यांना विचारून काढलेल्या अंदाजांनी, काँग्रेसचं सरकार आणलं, बसलं भाजपचं. चुकल्यावर माफी मागणारा विरळाच. पुढच्या निवडणुकीला तेच चेहरे, तेच रंगीत तक्ते.

वर सांगतात, मतदार सुज्ञ आहे, त्याच्यावर परिणाम होत नाही. मग आपल्या बाजूचा सर्व्हे आला की पक्षवाले तासाभरात तो व्हॉट्सअॅपवर गावभर कशाला फिरवतात? परिणाम होतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. त्याच लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमची जागा ४८ मतांनी गेली. अठ्ठेचाळीस! एका चाळीत तेवढी मतं असतात. एका चाळीने ‘हवा’ बघून मत फिरवलं की खासदार बदलतो.

कायदा काय करतो? मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ओपिनियन पोल, म्हणजे मतदानाआधीचे हे सर्व्हे, दाखवायला बंदी, आणि एक्झिट पोल शेवटचा टप्पा संपेपर्यंत बंद. पण माणसाचं मन त्या ४८ तासांत बनतं होय? ते आधीच्या पंधरा दिवसांत, रोज रात्री नऊ वाजता, जेवताना बनवलेलं असतं. तेव्हा सगळं मोकळं.

सांगलीकरांनी लोकसभेला अपक्ष निवडून आणला. त्यांनीही ‘इतर’ची पट्टी बघून हात आखडता घेतला असता तर?

आमचा अपक्ष पडला. निकालानंतर तो आभार मानायला दारोदार फिरला. आमच्या ओट्यावर येऊन त्याने “अण्णा आहेत का?” म्हणून हाक मारली. अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आलेच नाहीत.