लिंबू, नारळ आणि कमरेइतका खड्डा

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. रविवार होता म्हणून लेकीला गावाकडची शिळावर्तुळं दाखवायला नेलं. आबाजींच्या वावराला लागूनच आहेत, मोठाल्या धोंड्यांची गोल रिंगणं, मधे मुरूम-गोट्यांचा उंचवटा. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीची दफनं आहेत ती. आणि एका रिंगणाच्या मधोमध कमरेइतका ताजा खड्डा! काठावर कापलेलं लिंबू, हळदकुंकू, नारळाची शेंडी, पलीकडे चपटी बाटली. उपसलेल्या मातीत वरून काळी खालून तांबडी अशी खापरं, कडा आत्ताच तुटलेल्या.

गुप्तधन म्हणे! अरे बाबांनो, विदर्भातल्या या रिंगणांत मुख्यतः लोखंड निघतं. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, मडकी, मणी. ते गंजकं लोखंड तुम्ही फेकून देणार आणि आम्हा पुरातत्त्ववाल्यांना नेमकं तेच हवं असतं, तेही जिथे होतं तिथेच. नागपूरजवळच्या माहूरझरीच्या उत्खननात घोड्याच्या कवटीवर तांब्याचा दागिना मिळाला, म्हणून कळलं की ही माणसं मेलेल्याबरोबर सजवलेला घोडाही पुरायची. तोच पत्रा कोणी उपटून नेला असता तर भंगारात किलोवर गेला असता, घोडा गेलाच असता.

मीही साधी नाही म्हणा. पाचवीत असताना याच रिंगणातून एक लाल मणी उचलला होता मी. आबाजी वखर तिथून चार हात लांबून फिरवायचे, ‘झोपलेत ते, हात नको लावू’ म्हणायचे, तरी उचलला आणि कंपासपेटीत ठेवला.

चोरी काही आजची नाही. इजिप्तमध्ये नववा रामसेस राजा होता त्या काळात, म्हणजे ३१०० वर्षांपूर्वी, आमेनपनुफर नावाच्या गवंड्याने राजाराणीच्या ममींवरचं सोनं ओरबाडून शवपेट्या जाळल्या. पकडला गेला, वाट्याचं सोनं अधिकाऱ्याला देऊन सुटला आणि परत टोळीत जाऊन बसला. त्याचा कबुलीजबाब पपायरसवर आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा खूप हसले होते मी. आज ती चपटी बाटली बघून नाही हसू आलं.

हो, माहितीये, रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज साहेबानेही १८६७ मध्ये नागपूरजवळ जुनापाणीला अशीच रिंगणं खणलीच आणि वस्तू लंडनला गेल्या. मान्य. पण निदान लिहून तरी ठेवलं त्याने.

आणि खड्डा खणणाऱ्यावर तरी किती चिडू. कर्ज असेल, कोणीतरी मांत्रिक गाठून पैसे घेऊन गेला असेल, अमावास्येच्या रात्री घाम गाळून हाती आली असतील खापरं. त्या मांत्रिकाला मात्र त्याच खड्ड्यात उभं करायला हवं.

लेकीने एक खापर उचललं तर मी इतक्या जोरात ओरडले की रडायलाच लागली. मग दोघींनी मिळून फोटो काढले, मापासाठी तिची पट्टी ठेवून. उद्या पुरातत्त्व खात्याचं ऑफिस उघडलं की फोन करणार आहे.

तो मणी मी सुगंधी खोडरबराच्या बदल्यात बाकावरच्या मैत्रिणीला दिला होता. तुमच्यापैकीच कोणीतरी. सापडला तर इनबॉक्स करा. फक्त रिंगणात नेमका कुठे होता ते विचारू नका, धोंड्याला लागून की मधे, आज तासभर तिथे उभी राहून आठवत होते, नाही आठवलं.